चोथा म्हणून टाकू नका : रोजच्या जेवणातील तंतुमय अन्न



या अंकातील पाठ पोटाविषयी आहे. विषय थोडा संकोचाचा वाटेल. पण पाड्यांवर आरोग्य-भेटीला जाताना ज्या तक्रारी आम्ही वारंवार ऐकतो, त्यांत ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार नेहमीच असते. बायका ती सर्वांसमोर बोलत नाहीत. निघायची वेळ झाली, की दाराशी येऊन हळूच सांगतात.

जव्हारकडच्या एका पाड्यावर अशाच एका आजींनी मला थांबवले. चार-चार दिवस शौचाला होत नाही, झाले तर खडा होतो आणि रक्त पडते, असे त्या म्हणाल्या. मी विचारले, “आजी, जेवता काय?” त्या म्हणाल्या, “भात. सकाळी चहा आणि बिस्किट, दुपारी भात, रातीला भात.” “आणि नागली?” त्यावर आजी हसल्या. “नागली आता कोण लावतं बाई? पोरं कामाला गेली. दुकानात तांदूळ मिळतो. नागलीची भाकर काळी दिसते म्हणून नातवंडं खात नाहीत.”

त्यांना डॉक्टरांकडे पाठवलेच, कारण रक्त पडत असेल तर ते अंदाजावर सोडायचे नसते. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी नागली, वरई, उडीद, कुळीथ आणि रानभाज्या रोज शिजत होत्या, त्या घरात आज ही तक्रार आली कुठून?

तंतू म्हणजे नेमके काय?

धान्याचा कोंडा, डाळीचे टरफल, भाजीचे दोरे, फळाची साल आणि गर यांतला जो भाग आपल्या आतड्यात पचत नाही, त्याला तंतुमय पदार्थ किंवा फायबर म्हणतात. आपल्या घरांत त्याला सरळ ‘चोथा’ म्हणतात, आणि चोथा म्हणजे टाकायची वस्तू असे आपण धरून चालतो. घोटाळा इथेच होतो.

तंतू दोन प्रकारचे असतात. पहिला पाण्यात न विरघळणारा. गव्हाचा कोंडा, नाचणीचे साल, पालेभाज्यांचे देठ यांत तो जास्त असतो. तो पाणी धरून ठेवतो, मळाचा आकार वाढवतो आणि त्याला पुढे सरकवतो. दुसरा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. ओट, कडधान्ये, भेंडी, पेरू, इसबगोल यांत तो आढळतो. तो जेवणातील साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो आणि कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. बहुतेक अन्नात हे दोन्ही प्रकार कमीअधिक प्रमाणात एकत्रच असतात, म्हणून रोज वेगवेगळे खाल्ले की दोन्ही मिळतात.

आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. आपल्याला न पचलेले तंतू हेच त्यांचे खाद्य. ते खाऊन हे जंतू जी आम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या आतील पेशी पोसल्या जातात. म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो, तो आत कोणाचे तरी जेवण असतो.

मिशन दवाखान्यांतून आलेला धडा

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत डॉ. डेनिस बर्किट हे नाव पुढे आहे. १९११ साली आयर्लंडमध्ये जन्मलेले हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये युगांडात गेले आणि तेथे त्यांनी बरीच वर्षे सेवा केली. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. तो रोग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढे त्यांनी आफ्रिकेतील अनेक मिशन दवाखान्यांना पत्रे पाठवून एक साधी चौकशी केली : तुमच्याकडे कोणते रोग दिसतात आणि कोणते दिसत नाहीत? खेड्यांत राहून भरड धान्य, कंद आणि शेंगा खाणाऱ्या लोकांत बद्धकोष्ठता, मूळव्याध, अपेंडिक्सचा दाह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे विकार इंग्लंडच्या मानाने फार कमी दिसत होते. डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनीही केनिया आणि युगांडात वैद्यकीय सेवा करताना हेच पाहिले होते. ते पुढे पाळक झाले. या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७० च्या दशकात तंतुमय अन्नाचा विषय वैद्यकशास्त्रापुढे ठामपणे मांडला.

त्यांचा प्रत्येक अंदाज पुढे जसाच्या तसा टिकला असे नाही. लोकांच्या राहणीत इतरही फरक होते. पण मूळ मुद्दा टिकला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८५ पाहणी-अभ्यास आणि ५८ वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांशी तुलना करता, सर्वांत जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्के कमी आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांना चांगला लाभ झालेला दिसला.

किती हवे, आणि कशात किती?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. आपल्याकडील राष्ट्रीय पोषण संस्था दर २००० किलोकॅलरी आहारामागे सुमारे ३० ग्रॅम सांगते. ढोबळ मानाने १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात तंतूंचे प्रमाण असे असते :

नाचणी, बाजरी, न चाळलेले गव्हाचे पीठ – सुमारे ११ ग्रॅम
ज्वारी – सुमारे १० ग्रॅम
पांढरा तांदूळ – सुमारे ३ ग्रॅम
मैदा – सुमारे ३ ग्रॅम
अख्खे हरभरे – सुमारे २५ ग्रॅम
अख्खे मूग – सुमारे १७ ग्रॅम
तूरडाळ – सुमारे ९ ग्रॅम
शेवग्याचा पाला, पेरू – सुमारे ८ ग्रॅम
माठासारखी पालेभाजी – सुमारे ४ ग्रॅम

आता दोन ताटे मांडून पाहू. पहिल्या ताटात सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पाव, रात्री पुन्हा भात-वरण. पोट भरते, पण दिवसाची बेरीज जेमतेम १५ ग्रॅम होते. दुसऱ्या ताटात सकाळी नाचणीची एक भाकरी, दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, मुगाची उसळ आणि वाटीभर पालेभाजी, मधल्या वेळी एक पेरू, रात्री वरण-भात. ही बेरीज ३५ च्या पुढे सहज जाते. यात महागाचे किंवा परदेशातून आलेले काहीच नाही. भातही पानातून गेलेला नाही, फक्त तो एकटा राहिलेला नाही.

घरात करण्यासारखे

पीठ चाळताना वर राहिलेला कोंडा फेकू नका, पिठातच मिसळा. नाचणी सत्त्व करताना ते वस्त्रगाळ केले तर तंतू कापडातच राहतात, हेही लक्षात असू द्या. जमेल तेथे हातसडीचा तांदूळ वापरा. आठवड्यातून निदान तीन-चार दिवस मूग, मटकी, चवळी, वाल, हुलगे यांची उसळ करा. पेरू, चिकू सालीसकट खा. फळाचा रस काढून चोथा टाकण्यापेक्षा फळ चावून खा.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली यांसारख्या रानभाज्या बाजारात आल्या तर आदिवासी बहिणींकडून अवश्य घ्या. मात्र शेवळासारखी भाजी आंबट घालून नीट शिजवली नाही तर घशाला खाजते. म्हणून कशी करायची ते विकणारीलाच विचारा. ओळख नसलेली भाजी स्वतः रानातून तोडून आणू नका.

कडधान्य भिजवून मोड आणले, किंवा पीठ आंबवले, की त्यातील लोह आणि जस्त शरीराला अधिक चांगले मिळते. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, आणि जेवणावर लगेच चहा नसावा. आपल्या बहिणींमध्ये रक्तक्षय फार आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली, घाई नको. आज १५ ग्रॅम खाणाऱ्याने उद्या ४० ग्रॅम खाल्ले तर पोट फुगते, वायू होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

दुसरी, पाणी. पाण्याशिवाय तंतू म्हणजे त्रासात भर. इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. आणि इथे पाड्यावरची आठवण ठेवावी लागते. उन्हाळ्यात जिथे हंडाभर पाण्यासाठी लांब चालावे लागते, तिथे घरातली बाई सर्वांना पाणी देऊन स्वतः कमी पिते. जिथे शौचालय नाही, तिथे ती अंधार पडेपर्यंत थांबून राहते. अशा बहिणीला ‘भाजी जास्त खा’ एवढेच सांगून आपण निघून आलो, तर आपण तिचे अर्धेच ऐकले.

तिसरी, लहान मुले. दोन वर्षांखालील आणि कुपोषित मुलांचे पोट लहान असते. चोथ्याने ते लवकर भरते आणि लागणारी ऊर्जा मिळत नाही. त्यांना मऊ शिजवलेले घट्ट अन्न, त्यात तेल किंवा तूप, आणि दिवसातून अनेकदा द्यावे. वेगळा कोंडा कधीच घालू नये. तंतूंचा सल्ला पुरेसे अन्न मिळणाऱ्यांसाठी आहे. अन्नाची उणीव तंतूंनी भरून निघत नाही.

चौथी, डॉक्टर. शौचातून रक्त, नव्याने सुरू झालेली आणि न थांबणारी बद्धकोष्ठता, विनाकारण वजन घटणे, पोट फुगून उलट्या होणे – यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आहार बदलण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आमची एक चूक

हा पाठ लिहिताना स्वतःकडे बोट दाखवणे भाग आहे. मी ज्या मुलांच्या वसतिगृहात जात असे, तेथे नाताळनंतर खोकी भरून बिस्किटे यायची. लोकांनी प्रेमाने दिलेली. आम्हीही आनंदाने मुलांना चहाबरोबर दोन वेळा द्यायचो. मुले पोट दुखते म्हणून यायची आणि मी त्यांना औषधाचे चमचे पाजायची. एक दिवस स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “ताई, तुम्ही औषध बदलून बघता. एकदा खोकं बदलून बघा ना.”

त्या बरोबर होत्या. आम्ही बिस्किटांऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्यायला लागलो. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी आणि दोनदा उसळ आली. भांडी धुतलेल्या पाण्यावर शेवगा आणि माठ लावला. शाळेआधी मुलांना शौचाला निवांत वेळ मिळेल अशी घंटा ठरवली. पहिल्या आठवड्यात मुलांनी भाकरी ताटातच ठेवली. मग मावशींनी ती लहान, गरम आणि गुळासोबत दिली. हळूहळू मुले मागून घेऊ लागली. औषधाची बाटली आता कपाटात बराच काळ टिकते.

मला सर्वांत जास्त लागले ते दुसरेच. ज्या मुलांच्या आजोबांनी डोंगरउतारावर नागली पिकवली, त्यांनाच आम्ही नकळत शिकवत होतो की शहरातून आलेले पुड्यातले अन्न चांगले आणि घरचे काळे अन्न गरिबाचे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. शहरात नागलीची बिस्किटे महागात विकली जाऊ लागली. पण पाड्यावरच्या मुलाला आपल्या आजीच्या भाकरीची लाज वाटत असेल, तर ती लाज घालवणे हेही सेवेचेच काम आहे.

दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात चार तरुण राजाच्या ताटाऐवजी दहा दिवस शाकभाजी आणि पाणी मागतात. तो अध्याय तंतूंविषयी नाही, निष्ठेविषयी आहे. तरी साध्या ताटाची लाज न बाळगणारी ती मुले मला वसतिगृहातल्या पंगतीत बसल्यावर आठवतात.

म्हणून एक विनंती. येत्या नाताळात आदिवासी मुलांसाठी काही पाठवणार असाल, तर बिस्किटांच्या खोक्याऐवजी हरभरे, मूग, शेंगदाणे किंवा नाचणी पाठवा. शक्य असेल तर ती नाचणी एखाद्या आदिवासी शेतकऱ्याकडूनच विकत घ्या. म्हणजे एकाच पिशवीतून दोन घरांना हातभार लागेल.

घरी व महिला मंडळात चर्चेसाठी

१. काल दिवसभरात आपल्या ताटात काय होते? वरील आकड्यांवरून तंतूंची ढोबळ बेरीज करा.
२. आपल्या आजीच्या स्वयंपाकातील कोणता पदार्थ आपल्या घरातून गेला? तो का गेला?
३. आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात किंवा संडे स्कूलच्या खाऊत कोणता एक बदल करता येईल?
४. आपण गरजूंना जे अन्न देतो, ते आपल्या मुलांना रोज द्यायला आपण तयार आहोत का?