वेदनेचा वारसा : फायब्रोमायाल्जिया आणि आनुवंशिकता

अंग दुखणे ही तक्रार आपल्या समाजात इतकी सर्वसाधारण आहे की तिच्याकडे रोग म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभ्याने काम करणारा कामगार असो, की शेतात खुरपणी करून आलेली स्त्री असो, संध्याकाळी अंग दुखणारच, असे आपण धरून चालतो. रात्रभर विश्रांती मिळाली की हे दुखणे जाते. परंतु काही माणसांचे दुखणे विश्रांतीने जात नाही. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे सर्वांगच महिनोन्‌महिने दुखत राहते. झोपूनही झोप झाल्यासारखे वाटत नाही, थकवा हटत नाही, लक्ष एकाग्र होत नाही. रक्त तपासले, क्ष-किरण चित्र काढले, तरी त्यांत दोष सापडत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "हिला काही झालेले नाही, कामाचा कंटाळा आहे." या विकाराला वैद्यकशास्त्रात फायब्रोमायाल्जिया असे नाव आहे. तो एकाच घरातील अनेकांना का होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नावाचा इतिहास

१९०४ साली गॉवर्स या इंग्रज वैद्याने अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटले. या नावात स्नायूंच्या तंतूंना दाह होतो अशी कल्पना होती. पुढे असा दाह दिसून येत नाही असे आढळल्याने १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हा शब्द पुढे आला. त्याचा अर्थ एवढाच की तंतू व स्नायू यांत वेदना आहे. १९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी या संस्थेने निकष ठरवले : निदान तीन महिने सर्वांगात वेदना असावी आणि शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यावर दुखावेत. २०१० च्या निकषांत बिंदू दाबण्याची अट गेली आणि वेदनेचा विस्तार, थकवा, झोप व स्मरण यांना महत्त्व मिळाले. निकष बदलले, तरी एक गोष्ट कायम राहिली. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

मग दोष आहे तरी कोठे? आजचे उत्तर असे की तो मुख्यतः मज्जासंस्थेच्या वेदना-व्यवस्थेत आहे. ध्वनिक्षेपकाची कळ कोणी पूर्ण फिरवून ठेवली, तर साधा खोकलाही सभागृहभर गडगडतो. तद्वत या रुग्णांच्या मेंदूत व मज्जारज्जूत वेदनेचा संदेश मोठा होऊन पोहोचतो. २००२ साली मेंदूची चुंबकीय चित्रे घेऊन अमेरिकन संशोधकांनी दाखवले की नखावर दिलेल्या ज्या हलक्या दाबाने निरोगी माणसाला विशेष काही वाटत नाही, त्याच दाबाने या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित भाग उद्दीपित होतात. म्हणजे दुखणे हे नाटक नव्हे, हे सिद्ध झाले.

एका जनुकाचा रोग : मलनाडचे उदाहरण

आनुवंशिकतेचा विषय निघाला की आपल्या राज्यातीलच एक उदाहरण समोर येते. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हंदिगोडू नावाचे गाव आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात काही कुटुंबांत कंबर व गुडघ्यांचे सांधे तरुणपणीच झिजून माणसे पंगू होत असल्याचे उघडकीस आले. भातशेतीतील कीटकनाशके अंगात भिनलेले खेकडे खाल्ल्याने असे होत असावे, असा प्रथम संशय होता. तथापि रोग घराण्या-घराण्यांतून उतरताना दिसला आणि १९७७ साली हैदराबादच्या संशोधकांनी त्याचे वर्णन 'मलनाडचा कौटुंबिक संधिरोग' असे केले. तो प्रभावी आनुवंशिकतेने उतरतो. म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. लहान समाजात आपसांतच विवाह होत राहिल्याने तो मोजक्या कुटुंबांत एकवटला.

फायब्रोमायाल्जियाची गोष्ट मात्र अशी सरळ नाही. येथे वारशाने रोग मिळत नाही, रोगाकडे असलेला कल मिळतो. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा.

कुटुंबे आणि जुळी भावंडे

रोग कुटुंबात एकवटतो का, हे पाहण्यासाठी सिनसिनाटी येथील लेस्ली आर्नल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी एका बाजूस फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांचे नातेवाईक घेतले आणि दुसऱ्या बाजूस आमवाताच्या रुग्णांचे. पहिल्या गटातील नातेवाइकांना फायब्रोमायाल्जिया असण्याची संभाव्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे साडेआठ पट निघाली.

पण कुटुंब म्हणजे केवळ रक्त नव्हे. एकाच चुलीवरचे अन्न, एकच गरिबी, एकच काळजी हेही कुटुंबात वाटून घेतले जाते. हे दोन धागे वेगळे करण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्या भावंडांकडे वळतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरीने निम्मी. स्वीडनमधील हजारो जुळ्यांच्या नोंदींवरून २००६ साली असे दिसून आले की दीर्घकाळच्या सर्वांगवेदनेतील माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिक आहे.

या 'निम्म्या'चा अर्थ नेमका काय? एखाद्या रुग्णाचे अर्धे दुखणे आईवडिलांकडून आले, असा तो मुळीच नाही. समजा, वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांना सारखीच पुस्तके, सारखेच जेवण व सारखाच वेळ मिळाला, तर त्यांच्या गुणांतील फरक बहुतांशी अंगच्या बुद्धीचा राहील. पण वर्गातील काही मुले रात्रपाळी करून येत असतील, तर तीच बुद्धी गुणांतील फरकाचा लहानसा भागच स्पष्ट करू शकेल. बुद्धी तीच, परिस्थिती बदलली की तिचा वाटा बदलतो. आनुवंशिकतेचा आकडा हा असा समूहाविषयीचा असतो, व्यक्तीच्या नशिबाविषयीचा नसतो.

कोणती जनुके?

प्रथम लक्ष गेले ते 'कॉम्ट' या विकराच्या जनुकाकडे. डोपामिन, ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन या द्रव्यांचे विघटन करणे हे या विकराचे काम. त्याच्या १५८ व्या स्थानी कोणात व्हॅलिन, तर कोणात मेथिओनिन असते. मेथिओनिनचा प्रकार मंदगतीने काम करतो. २००३ साली एका अमेरिकन प्रयोगात आढळले की दोन्ही पालकांकडून मेथिओनिनचा प्रकार मिळालेल्या व्यक्तींना वेदना अधिक जाणवते. त्यापूर्वी, १९९९ साली, जर्मनीत सेरोटोनिनची ने-आण करणाऱ्या जनुकाचा आखूड प्रकार या रुग्णांत अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले होते. तथापि असे निष्कर्ष थोड्या रुग्णांवरून काढलेले होते आणि पुढच्या पाहण्यांत ते दर वेळी टिकले नाहीत. आता लाखो माणसांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणारी पद्धत वापरली जाते. तिच्यातून निघणारा सूर असा : एक मोठे जनुक नाही, अल्प परिणामाची अनेक जनुके आहेत.

शिवाय बीज असले तरी ते रुजावे लागते. अपघात, संसर्ग, दीर्घ मानसिक ताण आणि मोडलेली झोप ही रुजण्याची कारणे मानली जातात. १९७५ साली टोरांटो येथे मोल्डोफ्स्की यांनी निरोगी तरुणांची गाढ झोप रात्रीमागून रात्र मोडली, तेव्हा त्यांचेही स्नायू दुखू लागले!

आपल्या घरी याचा उपयोग

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे होते. त्या सर्वांना फायब्रोमायाल्जिया होता असे नव्हे, पण ग्रामीण माणूस किती वेदना मुकाट्याने सोसतो, हे त्यातून कळते.

या ज्ञानाचा दुरुपयोगही होऊ शकतो. "आईला हे दुखणे आहे, म्हणजे मुलीलाही होणार" असे म्हणून एखादे स्थळ नाकारले जाणे अशक्य नाही. असे करणे अन्यायाचे तर आहेच, अशास्त्रीयही आहे. नातेवाइकांत धोका वाढतो हे खरे, तरी रुग्णांच्या बहुसंख्य नातेवाइकांना हा विकार होत नाही. तो होणार की नाही हे सांगणारी जनुक-चाचणीही नाही. हंदिगोडूच्या रोगाला जे गणित लागू पडते, ते येथे लागू पडत नाही.

खरा उपयोग दुसराच आहे. आईला हा विकार असेल आणि मुलीचे अंग सतत दुखू लागले, तर तिला आळशी न ठरवता वेळीच वैद्याकडे न्यावे. थायरॉइडचे विकार, ड जीवनसत्त्वाची उणीव, आमवात यांची शहानिशा तेथे होते. उपचारांत औषधे आहेत, पण युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ साली ठामपणे शिफारस केली ती एकाच गोष्टीची. ती म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला नियमित व्यायाम. जनुके आपण बदलू शकत नाही. झोप, हालचाल आणि घरातल्या माणसांचा विश्वास या गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत, आणि यांतील शेवटची द्यायला एक पैसाही खर्च येत नाही.