गिअर बॉक्स बदलताना हायड्रॉलिक क्लचची निवड

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या जुन्या जीप किंवा पिकअप गाडीला दुसरा गिअर बॉक्स बसविताना क्लचचा विचार शेवटी केला जातो. मग क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात आणि हंगामात गाडी उभी राहते. म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वी पुढील हिशेब करावा.

रचना : पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील तेल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे जाते. त्याचा दांडा फोर्क ढकलतो व फोर्क रिलीज बेअरिंग सरकवितो.

मापाचा मेळ : सिलिंडरचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. समजा, मास्टरचा दांडा २५ मि.मी. सरकतो. मास्टर १९ व स्लेव्ह २२ मि.मी. व्यासाचा असल्यास स्लेव्हचा दांडा सुमारे १८.६ मि.मी. सरकेल. मास्टर १६ मि.मी.चा घेतल्यास तो सुमारे १३ मि.मी.च सरकेल. पेडल हलके लागेल, पण क्लच अर्धवट सुटेल. उलट मास्टर फार मोठा असल्यास पेडल जड होते व प्रेशर प्लेटच्या पाकळ्या प्रमाणाबाहेर दाबल्या जातात. बेअरिंगला किती सरक लागते, हे त्या क्लचच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच जोडी ठरवावी.

निवड व जोडणी :
१) स्लेव्ह शक्यतो बाहेरचा घ्यावा. आतील गोल स्लेव्ह गळू लागल्यास संपूर्ण गिअर बॉक्स उतरवावा लागतो.
२) इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून नळीचा काही भाग लवचीक ठेवावा. नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी.
३) मास्टरच्या दांड्याला सुमारे १ मि.मी. मोकळीक ठेवावी. ती नसल्यास तेल परत येत नाही, क्लच घसरतो व प्लेट जळते.
४) हवा काढण्याचे निपल सर्वांत वर असावे. पेडल पंप करून ताठ होत असेल, तर नळीत हवा आहे असे समजावे.
५) टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच तेल वापरावे. ब्रेक ऑइलच्या यंत्रणेत इंजिन ऑइल टाकल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.
६) पेडलला थांबा बसवावा.

गाडीत असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. काम झाल्यावर रिकामी गाडी सपाट जागेवर चालवून पाहावी. इंजिन चालू असताना रिव्हर्स गिअर आवाज न होता पडला, तरच माल भरावा.