आव म्हणजे घाण नव्हे

पावसाळा लागला की शिराळ्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून पोट बिघडलेले पेशंट येऊ लागतात. "डॉक्टर, आव पडतीया, सगळी घाण एकदा बाहेर काढा," ही त्यांची ठरलेली मागणी. काही जण तर घरूनच एरंडेल घेऊन आलेले असतात. ही आव म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर थोडे डुकराच्या आतड्यात डोकवावे लागेल. वाचकांनी नाक मुरडू नये. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हृदयाच्या पेशंटला देतात ते हेपॅरिनचे इंजेक्शन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासूनच काढतात.

ज्यांनी घरी बकऱ्याची वजडी साफ केली आहे त्यांना हा थर बोटांनी ठाऊक आहे. आतडे उलटे करून धुताना हाताला जे बुळबुळीत लागते, आणि जे मीठ-चुना चोळून, गरम पाण्याने खरवडून काढावे लागते, त्यात हाच थर असतो. शास्त्रात त्याला श्लेष्म म्हणतात. आतड्याच्या अस्तरात चषकाच्या आकाराच्या पेशी असतात. त्या म्युसिन नावाचा पदार्थ बाहेर सोडतात आणि तो सब्जाच्या बियांसारखा पाणी पिऊन फुगतो. शंभर भागांतले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त भाग पाणीच. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. त्यांच्या आणि आपल्या पेशींच्या मध्ये भिंत कसली, तर या पाणीदार थराची.

असे असूनही तो कित्येक वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसला नाही. कारण साधे आहे. शरीराचा तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. हा उपयोग 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरने सांगितला. जंतुनाशक म्हणून फॉर्मेलिन वापरून पाहताना स्वतःच्या बोटांची कातडी टणक झालेली त्याच्या लक्षात आली होती. पेशी टिकवायला ही पद्धत उत्तम आहे. परंतु फॉर्मेलिनचे द्रावण बहुतांशी पाण्याचे असते. त्यात श्लेष्म विस्कटते, सुटते, आणि पुढे अल्कोहोल, झायलीन, मेण अशा पायऱ्या पार करताना उरलेसुरलेही आकसून जाते. काचेवर पेशी स्वच्छ दिसतात, वरचा थर मात्र नाहीसा. वजडी धुऊन झाल्यावर बुळबुळीतपणा शोधण्यासारखेच हे!

डुकराचे आतडे अभ्यासाला घेतात, कारण डुक्कर आपल्यासारखेच सर्वभक्षी व एका जठराचे असते. उंदरापेक्षा त्याचे पचन आपल्याला बरेच जवळचे आहे. फरकही आहेत. त्याच्या मोठ्या आतड्याचा बराचसा भाग जिलबीसारख्या वेटोळ्यांचा असतो. जनावर कापल्यावर काही मिनिटांतच तुकडा घ्यावा लागतो, आणि मुख्य नियम असा की तो धुवायचा नाही. आतल्या मळासकट तो कार्नॉयच्या द्रावणात टाकतात. सहा भाग अल्कोहोल, तीन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, आणि पाण्याचा थेंब नाही. मग मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप काढायचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि अल्शियन ब्लू या रंगात बुडवायचे. श्लेष्म निळेशार उठून दिसते. दुसरा मार्ग म्हणजे तुकडा एकदम गोठवून काप काढणे. निर्दोष मार्ग एकही नाही. कार्नॉयच्या द्रावणानेही थरातले पाणी ओढले जाते व जाडी खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून काही संशोधक ताज्या तुकड्यावर कोळशाची बारीक भुकटी टाकून सुईने जाडी मोजतात. कोणी आकडा सांगितला तर तो कोणत्या पद्धतीने काढला, हे आधी विचारावे.

2008 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील मालिन योहान्सन, गुन्नार हान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मोठ्या आतड्याचे तुकडे असेच जपून पाहिले. तेव्हा श्लेष्माचे दोन थर दिसले. बाहेरचा सैल थर जंतूंनी भरलेला, आणि आतला, सुमारे 50 मायक्रॉनचा, घट्ट व जवळजवळ जंतूविरहित. ज्या उंदरांत हे म्युसिनच तयार होत नव्हते, त्यांचे जंतू थेट पेशींना भिडले होते. अशा उंदरांच्या आतड्याला सूज येते, पुढे कर्करोगही होतो, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे.

आता आवेकडे वळू. डुकरांनाही रक्ती आव होते. ब्रॅकिस्पायरा नावाचा मळसूत्री जंतू श्लेष्मातून पोहत मोठ्या आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतो. अशा आजारी डुकरांच्या आतड्यात श्लेष्म कमी होत नाही, उलट वाढते, पण त्याची रचना विस्कटते. आतडे जंतूला अडवायला जोर लावत असते. माणसाला आव पडते तेव्हाही आतडे असेच काहीतरी करत असते. एरंडेल घेऊन ती "घाण" काढणे म्हणजे झुंजणाऱ्या आतड्याला वर आणखी पळवणे, आणि अंगातले पाणी घालवणे.

जुलाबाबरोबर थोडी आव दिसली तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सुरू करावे, ताकभात, मऊ भात खावा. मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. अंगदुखीच्या गोळ्या रोज चघळणाऱ्यांनी सांभाळावे, त्या जठराचा हाच थर पातळ करतात. भाकरी, उसळी, पालेभाजी यांतला चोथाही येथे कामाचा आहे. उंदरांना चोथा मिळाला नाही तेव्हा आतड्यातले काही जंतू श्लेष्मच खाऊ लागले, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. माणसात तसेच्या तसे होते असे म्हणण्याची घाई मी करणार नाही, पण भाकरी सोडून नुसत्या बिस्किट-पावावर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आवेत रक्त असेल, ताप असेल, मूल मलूल पडले असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय बदलली आणि आठवडेच्या आठवडे आव जात राहिली, तर मूळव्याध समजून बसू नये. कराड, सांगली, मिरज येथे दुर्बिणीने आतडे तपासता येते. तेथे तपासणीचा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीतच जातो. वरचे वाचून त्याबद्दल शंका घेऊ नये. कर्करोग आहे की नाही हे पेशींवरून ठरते, आणि पेशी फॉर्मेलिनमध्ये चांगल्या टिकतात.