पोटठेकेदाराच्या बिलातली कपात आणि सेवाकर

प्रश्न : मी इमारतींची कामं घेतो. पोटठेकेदारांच्या बिलांतून उशिराचा दंड, माझ्या क्रेनचं भाडं आणि अनामत कापून घेतो. २०१५-१६ सालच्या या सगळ्या कपातीवर सेवाकराची मागणी आली; अपील चालू आहे. कापलेल्या पैशावर कर कसा?
– एक कंत्राटदार, नाशिक

उत्तर : तिन्ही कपाती एकाच आकड्यात धरल्यानं घोळ झाला आहे. आधी त्या सुट्या करा.

दंडाबाबत तुमची बाजू भक्कम आहे. १ जुलै २०१२ पासून वित्त अधिनियमाच्या कलम ६६ई(ई) नुसार दुसऱ्याचं कृत्य सहन करायला कबूल होणं ही करपात्र सेवा ठरली. त्याच आधारे, तुम्ही उशीर सहन केलात आणि दंड हा त्याचा मोबदला, असं खातं म्हणत आलं. पण दंडाची अट घालतात ती काम वेळेत व्हावं म्हणून; पैसे घेऊन उशिराला परवानगी द्यायला नव्हे. साउथ ईस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात दिल्लीच्या अपिली न्यायाधिकरणानं २०२० मध्ये हेच मान्य केलं. पुढे ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानं जीएसटीपुरता आणि २८ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकानं जुन्या सेवाकरापुरता खुलासा झाला : निव्वळ नुकसानभरपाई म्हणजे मोबदला नव्हे. त्या निकालाविरुद्धचं सर्वोच्च न्यायालयातलं अपीलही पुढे न चालवण्याचं केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानं ठरवलं. निकाल आणि २०२३ चं परिपत्रक अपिलाला जोडा.

अनामत तर पोटठेकेदाराचीच. दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत ती तुमच्याकडे राहते, एवढ्यानं तुम्ही त्याला कोणती सेवा दिली असं होत नाही.

क्रेनचं मात्र वेगळं. यंत्र तुमचं, चालक तुमचा, काम त्याचं. ही सेवाच झाली. भाडं हातात घेतलं काय किंवा बिलातून वळतं केलं काय, कर लागतो. हा भाग मान्य करा, म्हणजे बाकीच्या दोन मुद्द्यांवर तुमचं म्हणणं ठाम राहील.

यापुढे प्रत्येक चालू (आरए) बिलात दंड, भाडं, अनामत वेगवेगळ्या ओळींत दाखवा आणि करारातलं कलम नोंदवा. आणि कळकळीनं सांगतो, कराच्या धास्तीनं पोटठेकेदाराची मुदत संपलेली अनामत अडवू नका. त्याच पैशातून त्याला मजुरांचे पगार भागवायचे असतात.