बर्फावरची मुले आणि कॅमेरा

उत्रोली, ता. भोर, जि. पुणे



उन्हातल्या बर्फावर स्कीइंग करणाऱ्या मुलांचे फोटो बिघडतात ते बहुधा एकाच कारणाने. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक धरून चालतो. ताजा बर्फ मात्र अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. मापकाला हा उजेड फाजील वाटतो आणि तो एक्स्पोजर कमी करतो. मग बर्फ मळकट येतो, चेहरे काळवंडतात. म्हणून चौकटीत बर्फच बर्फ असेल तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक 1 ते अधिक 2 स्टॉप ठेवावे. मोबाइलने फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून धरावे, एक्स्पोजर पक्के झाले की शेजारची पट्टी गरजेप्रमाणे वर सरकवावी.

मात्र आकाश निरभ्र असेल तर मापकावर विसंबूच नये. मॅन्युअलमध्ये आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/8 आणि शटर 1/800 सेकंद, हा आकडा उन्हातल्या बर्फासाठी आरंभाला चांगला. एखादे मूल लाल जॅकेट घालून जवळ आले किंवा मागे सुचिपर्णी झाडांचे गडद रान आले, की मापकाचे मत बदलते. मुलावर पडणारे ऊन बदललेले नसते. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या कडेच्या जवळ असावा, कडेला चिकटलेला नसावा. चिकटला तर बर्फाचे कण, स्कीच्या रेघा सगळे पुसले जाऊन कोरा पांढरा डाग उरतो. रॉ फाइल ठेवल्यास थोडीफार चूक नंतर सुधारता येते.

याचा सराव उत्रोलीतही होतो. चुन्याने रंगवलेली, ऊन खाणारी भिंत आणि तिच्यापुढे पांढऱ्या शर्टातले मूल, एवढे पुरते. शून्य, अधिक 1 आणि अधिक 2 असे तीन फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्यात भिंत राखेच्या रंगाची झालेली दिसते.

महाराष्ट्रातली मुले बर्फ पाहायला जातात ती बहुधा मनाली, औली किंवा गुलमर्गला. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. स्कीइंग शिकवणारी केंद्र सरकारची संस्था तिथे 1968 पासून आहे, आणि पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 2020 साली तिथे झाल्या. गुलमर्ग आणि भोर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला दोन्हीकडे सूर्य पाऊणच्या सुमारास सर्वांत उंच असतो. पण भोरला तो तेव्हा क्षितिजापासून सुमारे 59 अंश चढलेला असतो, गुलमर्गला जेमतेम 43 अंश. तिथे भरदुपारीही मुलाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. बर्फाचा पोत बाजूच्या उजेडातच उठून दिसतो. तरी सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर तो अधिक खुलतो. सावल्या निळ्या दिसतात, कारण त्यांना निळ्या आकाशाचा प्रकाश मिळतो. त्या निळ्याच राहू द्याव्यात. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवावा, ‘शेड’वर नेला तर उन्हातला बर्फ पिवळा पडतो.

नवशिकी मुले दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून, ब्रेक लावत हळू उतरतात. त्यांना 1/500 सेकंद पुरते. शर्यतीत उतरणाऱ्या मुलांसाठी 1/1000 पेक्षा वेगवान शटर लागते; अ‍ॅपर्चर एफ/5.6 केले की आयएसओ 100 वरच 1/1600 मिळते. फोकस सतत बदलता ठेवावा, आणि मूल ज्या वळणावर वळणार तिथे आधीच कॅमेरा रोखावा. वळताना शरीर झुकते, बर्फाचा फवारा उडतो. हाच क्षण धरायचा. उभे राहून काढलेल्या फोटोत मुले ठेंगणी दिसतात, म्हणून गुडघ्यावर बसावे. कॅमेरा तिरका धरून उतार सपाट करू नये. मागची झाडे चौकटीत सरळ उभी असली, की उतार जेवढा आहे तेवढाच दिसतो.

चेहरा हेल्मेट आणि गॉगलने झाकलेला असतो आणि गॉगलच्या काचेत फोटो काढणाराच दिसतो. किंचित बाजूला सरकले की हे टळते. सूर्य मुलाच्या पाठीशी असला तरी बर्फावरून उसळलेला उजेड हनुवटीखालची सावली भरून काढतो, म्हणून फ्लॅशची गरज क्वचितच पडते. गॉगल काढायला लावायचा तर मूल थांबलेले असताना, सूर्याकडे पाठ करून, क्षणभरच. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे 10 टक्के वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत परत पाठवतो. डोळे भाजण्याचा हा धोका फोटो काढणाऱ्यालाही असतो.

उभे राहायचे ते उताराच्या कडेला, मुलांच्या वाटेत नव्हे. नवशिक्या मुलाला हाक मारून कॅमेऱ्याकडे पाहायला लावू नये. तोल गेला की ते पडते. प्रशिक्षकाला आधी विचारावे. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणाला पाठवू नयेत.

थंडीत बॅटरीची ताकद लवकर घटते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. लेन्सवर फुंकर मारू नये. वाफ काचेवर गोठते. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे, म्हणजे दव पिशवीवर जमते, कॅमेऱ्यावर नाही. तास-दोन तास पिशवी उघडू नये. फोटो लगेच पाहायचे असतील, तर मेमरी कार्ड आधीच काढून घ्यावे.

काका