इंटरनेट गावात आले, वाडीत केव्हा येणार?

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली. मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, तंत्रज्ञ नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने मला या विषयाच्या अभ्यासाकडे वळविले.

कोकणातल्या आमच्या वाडीतून पुतणीचा फोन आला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. गावात इंटरनेट होते, पण ते ग्रामपंचायतीच्या कचेरीत, आणि कचेरीला कुलूप होते. रात्री परळच्या एका सायबर कॅफेत बसून मी तिचा अर्ज भरला. अर्ज गेला, परंतु ज्या मुलीचा काका मुंबईत नाही, तिने काय करावे? हा प्रश्न मनातून जाईना.

थोडा इतिहास

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमामार्फत. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला अवघा 9.6 किलोबिट होता आणि दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. 1998 च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण आले. पुढे लालबाग-परळच्या चाळींत इंटरनेट शिरले, त्यात केबलवाल्या मुलांचा मोठा वाटा आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर रोजगार गेलेल्या घरांतील काही मुलांनी नव्वदच्या दशकात गच्चीवर छत्री बसवून गॅलरी-गॅलरीतून तारा ओढल्या. त्याच ओळखीवर, त्याच वसुलीच्या वहीवर पुढे इंटरनेट आले. घरे एकमेकांस चिकटलेली, म्हणून तार थोडी आणि गिऱ्हाईक पुष्कळ. खेड्यात नेमके याच्या उलट असते. कंपन्या तिकडे का जात नाहीत, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

तीन प्रयोग, तीन धडे

पहिला प्रयोग वारणेचा. 1998 साली कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे 70 गावांत सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने संगणक केंद्रे उभी राहिली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा केंद्रांचा खरा उपयोग उसाच्या नोंदी, वजन, हिशेब एवढ्यापुरताच होत होता. मग 7 गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरील संदेशाने तेच काम करून पाहिले, आणि ते झाले. धडा असा की, यंत्र आणण्याआधी गरज मोजावी.

दुसरा प्रयोग पालघर जिल्ह्यातील खामलोलीचा. पवईच्या आय. आय. टी. तील प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राममार्ग’ नावाने तो केला. दूरदर्शनसाठी राखलेल्या लहरींचा बराचसा पट्टा आपल्याकडे रिकामा असतो. या लहरींची वारंवारता कमी, म्हणून झाडीतूनही त्या दूर जातात. त्यांच्यावरून गावापर्यंत आणि तेथून वायफायने लोकांपर्यंत, अशी रचना 7 गावांत तपासली गेली. 2017 साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत हा प्रकल्प पहिला आला. त्यांच्या योजनेत ग्रामपंचायत आणि गावातलाच एखादा उद्योजक यांना भागीदार धरलेले होते. धडा असा की, देखभाल करणारा माणूस गावचाच हवा.

तिसरा प्रयोग सरकारी. 2011 साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची. योजना मोठी आहे. पण मूळ योजनेत तिचे टोक पंचायतीच्या कचेरीशी संपत होते. कोकणात कचेरी मुख्य गावात असते. बौद्धवाडी असते गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे. ती तिथे का आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. कागदावर गाव जोडले गेले तरी वाडी सुटलेली राहू शकते. पाण्याच्या नळाने, रस्त्याने आणि विजेने हे आपल्याला पूर्वीच शिकविले आहे.

आपण काय करू शकतो?

परवाना घेऊन सेवा देणाऱ्या संस्थांचे तीन वर्ग ठरलेले होते : ‘अ’ संपूर्ण देशासाठी, ‘ब’ राज्य किंवा महानगरासाठी, ‘क’ त्याहून लहान क्षेत्रासाठी. 2013 च्या परवाना पद्धतीत ‘क’ वर्गाचे प्रवेश शुल्क 20 हजार रुपये होते. मात्र अर्जदार नोंदणीकृत कंपनीच हवी. आपल्यासारखे मंडळ चालत नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर नियमांची फेररचना होत आहे, म्हणून अर्जापूर्वी चालू नियम पाहावेत.

मंडळाला सोपी वाट दुसरी आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या ‘पी. एम. वाणी’ योजनेत किराणा दुकानदारही सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. केंद्रचालकाला परवाना नको, शुल्क नाही. त्याने नोंदणीकृत मध्यस्थ संस्थेशी जोडून घ्यावयाचे असते. पूर्वी त्याच्याकडून महागड्या व्यापारी जोडणीचे पैसे मागितले जात. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने यावर मर्यादा घातली : 200 मेगाबिटपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा अधिक घेता येत नाही. पंचायतीपासून वाडीपर्यंत तार ओढण्याचे काम मात्र परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे.

हिशेब

आता बँकेतल्या माणसाचा हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, वाडीतल्या 20 घरांनी महिना 300 रुपये दिले. जमा 6,000. जोडणी 2,000, वीज व बॅटरीसाठी 1,000, देखभाल करणाऱ्या मुलाचे मानधन 2,500 वजा केले तर उरतात 500. यंत्रसामग्रीला 60 हजार लागले असतील तर ते फिटण्यास दहा वर्षे लागतील. कोकणातल्या पावसात आणि विजेच्या कडकडाटात यंत्रे तितकी टिकत नाहीत. तेच 30 घरे झाली तर जमा 9,000, शिल्लक 3,500, आणि दीड वर्षात भांडवल परत. तात्पर्य, यश-अपयशाचा निकाल तंत्रज्ञानापेक्षा त्या दहा घरांवर ठरतो. ती दहा घरे मिळविण्यासाठी कधी शेजारच्या वाडीलाही सोबत घ्यावे लागेल. एकाच तारेवर दोन वाड्या आल्या तर त्यात गैर काय?

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तीन गोष्टी लिहून आणा : पंचायतीतली जोडणी चालू आहे का, तेथून आपली वाडी किती अंतरावर आहे, आणि किती घरे महिना पैसे देण्यास तयार आहेत. हे तीन आकडे हाती आले की, पुढचा हिशेब मांडावयास मी रविवारी मंडळाच्या कचेरीत बसेन.