परिषदेचा होकार आला, पैसे भरू का?

प्रश्न : मी महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते. सहकारी साखर कारखान्यांतील नेतृत्वावरचा माझा निबंध युरोपातल्या एका परिषदेने दोनच दिवसांत स्वीकारला. आता शुल्क मागत आहेत. काय करू?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : घाई नको. चांगल्या परिषदा सारांश तज्ज्ञांकडून तपासून घेतात, त्याला बहुधा काही आठवडे लागतात. झटपट होकार आणि मागोमाग शुल्क, हे लक्षण बरं नाही. आयोजक कोण, मागच्या वर्षी कोण बोललं, ते पाहा. तुलनेसाठी १९९९मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल लीडरशिप असोसिएशनच्या परिषदांचे जुने कार्यक्रम चाळा.

परिषद खरी निघाली, तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५, क्वचित ४५ दिवस लागतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. खर्चासाठी तुमच्या विद्यापीठाकडे आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे चौकशी करा.

मांडणीत नेतृत्वाचे अभ्यासक बर्न्स यांच्या १९७८च्या ‘लीडरशिप’ या पुस्तकाची उजळणी नको, ती श्रोत्यांना पाठ असते. कारखान्याच्या निवडणुकीत आणि वार्षिक सभेत तुम्ही काय पाहिलं, तिथूनच सुरुवात करा.